बाराव्या हिरवळीचा वारा

मर्डोने खोदयंत्राच्या तोंडाखालून गवताचा एक तुकडा ओढून काढला. उशीएवढा होता, मुळं-मातीसकट. तो काखेत मारून मर्डो बाजूला झाला. यंत्र चालवणाऱ्याने काचेआडून हातवारे करून काहीतरी शिवी दिली. मर्डोने मोकळ्या हाताने तिची परतफेड केली.

"मर्डो, ते कुठे नेतोयस?" गोल्फ क्लबचे सेक्रेटरी क्रॉम्बीसाहेब छत्री सावरत लांबून ओरडले.

"घरी."

"क्लबची मालमत्ता आहे ती."

"मग मिनिटबुकात लिहा. एक तुकडा गेला म्हणून."

क्रॉम्बीसाहेब जवळ आले. शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेला माणूस. आवाजात अजून तपासणीच होती. त्यांच्या बगलेत नकाशाची लांब नळी होती आणि चेहऱ्यावर असा आनंद, जसा काही समोर पाचवी हिरवळ सोलून काढत नसून नातवाचा बाप्तिस्मा चालला आहे. चेंडू शेवटी भोकात घालायची ती गोल हिरवळ, सत्तर वर्षांची दाट, मऊ, सकाळपासून पट्ट्यापट्ट्याने निघत होती. खालून पिवळी वाळू उघडी पडत होती.

"नऊ इंच," क्रॉम्बीसाहेब म्हणाले. "नऊ इंच परकी वाळू बसली होती गिलक्रिस्टच्या डोक्यावर. आता श्वास घेईल बिचारा."

"गिलक्रिस्टला मरून पन्नास वर्षं झाली."

"तू वाकड्यातच शीर," क्रॉम्बीसाहेब म्हणाले आणि वाळूचा फोटो काढायला वळले.

मर्डोला बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण बोलल्यामुळेच तर हे सगळं झालं होतं. सोमवारी ती अमेरिकन पोरगी, रूथ प्रुएट, या पाचव्या हिरवळीत पोकळ नळी दाबून मातीच्या कांड्या काढत बसली होती. जुन्या मैदानांचं मूळ रूप शोधून द्यायचं हा तिचा धंदा. नॉर्थ कॅरोलायनातून तिला खास आणली होती. कांडीतली वाळू बघून तिने सहज विचारलं, ही कुठून आली? आणि एकसष्ट वर्षांच्या मर्डोची छाती फुगली. तो म्हणाला, "माझ्या बापाने टाकली. हाताने. दर शरद ऋतूत, फावड्याने." आता ही वा म्हणेल, दोन प्रश्न विचारेल, असं त्याला वाटलं. तिने ते लिहून घेतलं. बुधवारी खोदयंत्र आलं.

याला काय म्हणायचं? स्वतःच्या तोंडाने बापाचं काम पकडून दिलं.

मैदानं आखणारा अलेक गिलक्रिस्ट १९११ साली या किनडॉर गावी अडीच दिवस राहिला होता. त्यातला एक दिवस तो सर्दीने खाणावळीत झोपून होता. उरलेल्या दीड दिवसात त्याने वाळूच्या टेकड्यांवरून हिंडून अठरा ठिकाणी खुंट्या ठोकल्या, गाववाल्यांना हातवाऱ्यांनी काहीबाही समजावलं आणि आगगाडी पकडली. पुढे तो अमेरिकेत गेला आणि तिथे त्याने कितीतरी मैदानं आखली. कॅरोलायनातल्या पाइनच्या रानात, मॅसॅच्युसेट्सच्या खडकांवर, ओहायोच्या नदीकाठी. तिथे खेळायला मिळावं म्हणून लोक वर्षानुवर्षं नाव लावून बसतात. त्यामुळे किनडॉरच्या या वाऱ्याच्या तोंडच्या मैदानाला एकदम तीर्थाचा भाव आला. गिलक्रिस्टचं पहिलं काम. इथल्या प्रत्येक उंचवट्यात, प्रत्येक खड्ड्यात त्याची प्रतिभा दिसू लागली. तेराव्या भोकाजवळचं काटेरी झुडूप मर्डोने नुसत्या कंटाळ्यापायी तोडलं नव्हतं. ते महाराजांनी मुद्दाम राखलं होतं, असं पाहुण्यांना सांगितलं जाई. 'महाराज' हा शब्द मर्डोचा. तो क्लबात कोणाला आवडत नसे, म्हणून तो जास्तच वापरी.

आणि सगळ्यात वरताण म्हणजे बारावी. समुद्राला लागून, पालथ्या बशीसारखी मधे फुगलेली हिरवळ. जरा चुकीचा चेंडू मारला की तो कडेकडेने घरंगळत खाली जातो आणि चांगले चांगले खेळाडू टोपी काढून डोकं खाजवतात. क्लबच्या पत्रांवर तिचंच चित्र. तिचा फोटो अमेरिकेत, जपानात भिंतींवर लागलेला. गिलक्रिस्टची पालथी बशी.

कप्पाळ गिलक्रिस्टचं.

गिलक्रिस्टने बारावी केली होती ती सुलटी बशी. खोलगट. ऑक्टोबर लागला की तिच्यात पाणी साचायचं ते मार्चपर्यंत. बदकं बसायची. मेंबर शिव्या द्यायचे ते ग्रीनकीपरला, म्हणजे हिरवळ राखणाऱ्याला, म्हणजे मर्डोच्या बापाला. महाराजांना शिवी द्यायची कोणाची छाती? बापाने कमिटीला विचारलं, मधे जरा भर घालू का? कमिटीने १९२९ साली ठराव केला: गिलक्रिस्टसाहेबांच्या हिरवळींना कोणीही हात लावू नये. बापाने ठरावापुढे मान डोलावली आणि त्याच शरद ऋतूत सुरुवात केली. टेकड्यांमागची वाळू आणायची, कुजलेलं समुद्री शेवाळ मिसळायचं, दोनदा चाळायचं आणि फावड्याच्या एका लांब फेकीत अशी पसरायची की गवताच्या पात्यांत मुरून जावी. वर्षाला नखाएवढी. कमिटीला कळू नये इतकी. चाळीस वर्षं. बशी भरली, सपाट झाली, फुगली. कमिट्या बदलल्या, ठराव भिंतीवर राहिला आणि एके दिवशी कोणीतरी म्हणालं, काय अफलातून डोकं होतं हो गिलक्रिस्टचं.

बाप ते ऐकून हसायचा. मर्डोला हसता आलं नाही. पंचेचाळीस वर्षं, आधी बापाच्या हाताखाली आणि मग त्याच्या जागी, तो त्या मैदानावर होता. बाराव्या हिरवळीवर गुडघे टेकून फोटो काढणारी माणसं दिसली की तो तोंड फिरवून कामाला लागायचा. एक दिवस सगळ्यांना सांगीन, असं त्याने किती वेळा ठरवलं असेल.

आणि आता सांगायची वेळ आली होती, तर सांगण्याची सोय राहिली नव्हती. जानेवारीतला ठराव क्रॉम्बीसाहेबांनी स्वतः लिहिला होता: मूळ मैदानात नंतर माणसाच्या हातून जे जे झालं ते काढून टाकायचं. अपवाद एकच. क्लबच्या दिवाणखान्यात गिलक्रिस्टचं एक पत्र चौकटीत लावलेलं आहे. त्यात तो म्हणतो, समुद्र आणि वारा माझ्या मैदानाचं जे करतील ते माझंच समजावं, कमिटी जे करील ते नाही. म्हणून वाऱ्या-पाण्याने केलेलं राहू द्यायचं.

"उद्या बारावी," जाता जाता क्रॉम्बीसाहेब म्हणाले. "तिथे काही चिंता नाही म्हणा. तिथे सगळं त्याचंच आहे. नुसती कांडी काढायची, कागदावर आणायचं."

"आणि तिथे दुसरंच काही निघालं तर?"

क्रॉम्बीसाहेब थांबले. त्यांनी छत्री मिटली, परत उघडली.

"ठराव म्हणजे ठराव, मर्डो. पाचवीला एक न्याय आणि बारावीला दुसरा, असं करता येत नाही मला. मग बारावीही जाईल." आणि जरा खाली आवाजात, "पण तसं काही निघणार नाही. हो ना?"

मर्डो काखेतला तुकडा घेऊन घरी गेला. परसात त्याने तो मातीत दाबून बसवला. त्याची आई, शहाऐंशी वर्षांची इसोबेल, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती.

"काय लावतोयस?"

"गवत."

"आपल्याकडे गवत नाही होय?" ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी वारा समुद्रावरून सरळ तोंडावर येत होता. रूथने बाराव्या हिरवळीवर आडव्या रेषेत सात लाल झेंडे रोवले. एका काठापासून मधून दुसऱ्या काठापर्यंत. मग ती एकेका झेंड्यापाशी गुडघ्यावर बसून नळी आत दाबू लागली. तिशीची असेल, लाल नाकाची, मोठ्या बुटांची. मर्डो फळी धरून मागे मागे जात होता. कांडी निघाली की ती फळीवर ठेवायची आणि भोक तिथल्या तिथे बुजवायचं. बुजवण्याचं काम त्याने तिला करू दिलं नाही.

"तुम्ही आज गप्प आहात, मिस्टर मॅथिसन."

"सोमवारी फार बोललो."

नळी उपसताना तिचा चेहरा पडल्यासारखा दिसला, पण थंडीमुळेही असेल.

सातही कांड्या फळीवर ओळीने लागल्या आणि मग सांगायला कोणाची गरजच राहिली नाही. प्रत्येकीत खाली एक काळी रेघ होती. ते जुनं, गाडलं गेलेलं गवत, १९२९ चं. काठावरच्या कांडीत ती चार इंचांवर होती. पुढच्या कांडीत आठ, मग बारा, मधल्या कांडीत सोळा. पुढे पुन्हा बारा, आठ, चार. मुलालाही कळावं इतकं स्वच्छ. खाली सुलटी बशी, वर पालथी बशी आणि मधे नुसती वाळू, पिवळा थर, तपकिरी थर, पिवळा, तपकिरी, एकावर एक. मर्डोने ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बापाची चाळीस वर्षं त्याच्यासमोर आडवी पसरली होती, मोजून घ्यावीत इतकी. त्याने हातातली फळी खाली ठेवली.

टेकडीवरून क्रॉम्बीसाहेब येत होते. मागे क्लबचा कॅप्टन होता, गावातला गुरांचा डॉक्टर.

रूथने मधली कांडी उचलून बोटांनी फोडली. वाळू तळहातावर पसरून ती बराच वेळ बघत राहिली.

"काय म्हणतोय आमचा गिलक्रिस्ट?" क्रॉम्बीसाहेबांनी धापा टाकत विचारलं.

"ही हिरवळ मुळात खोलगट होती," रूथ म्हणाली. "वरचं सगळं नंतर आलंय. मधे सोळा इंच."

क्रॉम्बीसाहेबांचं तोंड उघडं राहिलं. कॅप्टनने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग समुद्राकडे. ठराव कोणी लिहिला होता ते दोघांनाही ठाऊक होतं.

"आलंय म्हणजे? कुठून?" क्रॉम्बीसाहेब म्हणाले. त्यांनी रूथकडे पाहिलं. रूथने मर्डोकडे पाहिलं. "मर्डो? तुझ्या वडिलांनी... इथेही?"

पंचेचाळीस वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो असा आला. हो म्हणायचं, बस. सगळ्या जगाला कळलं असतं. पुस्तकात छापून आलं असतं. आणि येत्या मंगळवारी खोदयंत्र.

मर्डोने खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, रुमाल घडी घालून परत ठेवला.

"वारा," तो म्हणाला.

"काय?"

"वाऱ्याने आली वाळू. समुद्र इथे पन्नास पावलांवर आहे, दिसत नाही का तुम्हाला? हिवाळ्यात उभं राहून बघा कधी. दात किरकिरतात."

"पण तुझे वडील पाचव्या हिरवळीवर..."

"पाचवी आत आहे. तिथे वारा पोचत नाही, म्हणून तिथे टाकावी लागायची. इथे कशाला मरायला टाकेल? काम काय कमी होतं त्याला?"

हे बोलताना त्याचा आवाज इतका चिडका निघाला की क्रॉम्बीसाहेबांना ते खरं वाटलं. मर्डो खोटं बोलला असता तर गोड बोलला असता.

"वारा," क्रॉम्बीसाहेब हळूच म्हणाले. मग त्यांना पत्र आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम उजळला. "समुद्र आणि वारा! अहो, म्हणजे त्याने हे धरूनच ठेवलं होतं! मुद्दाम खोलगट केली, वाऱ्याने भरावी म्हणून! कॅप्टन, काय माणूस होता हो!"

ते दोघे तसेच बोलत बोलत क्लबकडे निघाले. मर्डोला त्या क्षणी गिलक्रिस्ट जिवंत असता तर त्याच्याच खुंटीने त्याला झोडपावंसं वाटलं.

रूथ अजून गुडघ्यावरच होती. तळहातावरची वाळू तिने दुसऱ्या हातावर ओतली.

"एकही शिंपला नाही," ती म्हणाली. "एकही खडा नाही. सगळे कण सारखे. थरही सारखे, दर वर्षाचे. फार नीटनेटका वारा होता."

"इथला वारा तसाच आहे, पोरी."

"आणि मधे जास्त, कडेला कमी."

मर्डोला वाटलं, आता ही क्रॉम्बीला हाक मारणार. तिने हात झटकले, वही काढली आणि त्याच्या देखत एकच शब्द लिहिला: वारा. मग सातही झेंडे स्वतः उपटून घेतले.

अहवाल तीन आठवड्यांनी आला. तो वाचायला क्लबने सभा बोलावली. मर्डोने आईला सांगून पाहिलं, थंडी आहे, तू कशाला येतेस? ती म्हणाली, केक असतो ना, आणि कोट चढवला. ती येऊ नये असं त्याला का वाटत होतं हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. सभेला सगळं गाव होतं. पुढच्या रांगेत साठी-सत्तरीची मंडळी होती. फावड्याची ती लांब फेक त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. क्रॉम्बीसाहेबांनी अहवाल उभ्याने वाचला. पहिल्या हिरवळीपासून अकरावीपर्यंत लोक खोकत होते. बारावीला आले तेव्हा त्यांनी चष्मा पुसला.

"'बाराव्या हिरवळीवर आढळलेला वाळूचा थर,'" ते वाचू लागले, "'वाऱ्याने आणलेला आहे. ती आहे तशीच राखावी.'" मग त्यांनी कागद खाली घेतला आणि स्वतःच्या मनचं सुरू केलं. गिलक्रिस्टची दूरदृष्टी. निसर्गाला कामाला लावणारा माणूस. हिरवळीच्या कडेला पितळेची पाटी बसवायचं कमिटीने ठरवलं आहे, पाटी मर्डो बसवेल.

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग बुटांकडे आणि मग टाळ्या वाजवल्या. मर्डोनेही दोन वाजवल्या. बारावी वाचली होती. पण बापाचं उरलंसुरलं श्रेय त्याने आपल्या हाताने काढून वाऱ्याला दिलं होतं. शेजारी आईचे हात मांडीवरच होते. त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

मग चहा. आईला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून मर्डो केक आणायला गेला. परत आला तेव्हा क्रॉम्बीसाहेब तिच्यासमोर वाकून मोठ्याने बोलत होते. रूथ बाजूला कप घेऊन उभी होती.

"मिसेस मॅथिसन, तुम्ही इथल्या सगळ्यात जुन्या. तुम्हाला तर तो वारा आठवत असेल."

मर्डो केकची बशी घेऊन झपाट्याने पुढे झाला.

"आठवतो तर," आई म्हणाली. "चाळीस वर्षं त्याचे मोजे रफू केलेत मी."

क्रॉम्बीसाहेब हसले, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याला हसतात तसे. त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि पाटीवरच्या मजकुराबद्दल कोणाशी तरी बोलायला गेले. रूथ हसली नाही. तिने कप खिडकीच्या फळीवर ठेवला आणि आईच्या खुर्चीशेजारी खाली जमिनीवरच बसली, हिरवळीवर बसायची तशी.

"स्वभावाने कसा होता?" तिने विचारलं.

"तिरसट. याच्यासारखाच." आईने मर्डोच्या हातून केक घेतला. "पण वाळू दोनदा चाळल्याशिवाय जेवायला घरी यायचा नाही."

"त्या वाऱ्याला नाव होतं?"

आईने केकचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"हेक्टर," ती म्हणाली.

रूथने आपली अहवालाची प्रत उघडली, शेवटच्या कोऱ्या पानावर ते नाव लिहिलं आणि पान मिटलं. आडनाव तिने विचारलं नाही.